गाईडसाहेब, आपले उपकार फेडायचे तरी कसे?

श्रीमंत राजमान्य राजेश्री गाईडसाहेब,
मुक्काम पोस्ट प्रत्येक दप्तर, देवपूर, धुळे
यांचे सेवेशी,

साष्टांग दंडवत, विनंती विशेष.

आपली प्रकृती ठणठणीत असणार, विचारायची गरजच नाही. दर जूनला आपण नवं चकचकीत कव्हर घालून, आदल्या वर्षीपेक्षा जरा जाडजूड होऊन देवपुरात अवतरता. वाडीभोकर रोडवरच्या दुकानात आईवडील येतात ते आधी आपली चौकशी करतात. बालभारतीचं पुस्तक आठवडाभर उशिरा मिळालं तरी कोणाचं अडत नाही. ‘गाईड संपलं’ असं दुकानदार म्हणाला, की मात्र घरात सुतक पडल्यासारखं होतं.

मी इथेच मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. त्यामुळे आपला माझा संबंध रोजचा. इतक्या जवळच्यांचे आभार खाजगीत उरकणं बरं दिसत नाही. चारचौघांनी ऐकावं म्हणून हे अनावृत पत्र.

पहिले आभार मुलांचा वेळ वाचवल्याबद्दल. इंग्रजीचा उतारा समोर आला की तो वाचावा लागतो, हा जुना जाच आपण कायमचा मिटवलात. आपली युक्ती किती सोपी! प्रश्नातला शब्द उचला, तो उताऱ्यात कुठे आहे ते शोधा, ती ओळ जशीच्या तशी उतरवा. बोट ओळींवरून सरसर फिरतं, शब्द सापडला की थांबतं, पेन चालू लागतं. डोक्याला तोशीस नाही.

ही युक्ती किती पक्की आहे ते मी वर्गात करून पाहिलं. फळ्यावर एक वाक्य लिहिलं: ‘द झोंबू वॉज टिपरी बिकॉज द गालम हॅड फुंटेड.’ खाली प्रश्न लिहिला: ‘व्हाय वॉज द झोंबू टिपरी?’ साहेब, आपले शिष्य एका सुरात ओरडले, ‘बिकॉज द गालम हॅड फुंटेड!’ स्पेलिंगसुद्धा अचूक. झोंबू कोण, टिपरी म्हणजे काय, गालमने नेमकं काय केलं, हे एकानेही विचारलं नाही. उत्तर बरोबर होतं आणि पेपरात असतं तर पूर्ण गुण मिळाले असते. ज्यात काडीचा अर्थ नाही त्यातूनही बरोबर उत्तर काढायला शिकवणारा गुरू मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसरे आभार उताऱ्याच्या मध्यवर्ती कल्पनेबद्दल. लेखकाला एकूण काय म्हणायचंय, हा प्रश्न माणसाला अवघड जातो. आपण एका ओळीत निकाल लावलात: ‘पहिलं वाक्य लिहा.’ 

हा नियम आपण जरा उशिरा काढलात, याची मात्र हळहळ वाटते. आपल्या या धुळ्यातच 31 डिसेंबर 1926 रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ पांझरेच्या पलीकडे आजही उभं आहे. या माणसाने गावोगाव हिंडून जुन्या कागदांचे रुमाल सोडले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने खंडामागून खंड छापले. त्या जुन्या पत्रांची तऱ्हा आपल्याला ठाऊक असेलच. आधी मायना, मग दंडवत, मग येथील कुशल, तेथील कुशल लिहीत जाणे, आणि एवढं सगळं झाल्यावर कुठे तरी खाली हळूच मुद्दा: पैसा पाठवा, किल्ला सोडा, अमका फितूर झाला. राजवाड्यांनी आपलं मार्गदर्शन घेतलं असतं, तर सगळ्या खंडांत नुसते दंडवत छापले गेले असते.

(या पत्राची पहिली ओळ आपण पाहिलीच असेल. तिच्यावरून हे पत्र आपल्या सन्मानार्थ आहे असं आपण खुशाल समजावं.)

तिसरे आभार परीक्षा मंडळाच्या वतीने मानते. मंडळाने दहावीच्या इंग्रजीला प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आणली. अनसीन पॅसेज द्यायचा, त्याचाच सारांश लिहायला सांगायचा आणि सारांशाला नाव द्यायला सांगायचं. मला ही कल्पना मनापासून आवडते, आजही. न पाहिलेला उतारा मूल स्वतः वाचेल, चार ओळींत आपल्या शब्दांत सांगेल, आणि त्याला साजेसं नाव देताना उताऱ्याचा गाभा त्याच्या हाती लागेल, हा त्यामागचा विचार. पाच गुणांत याहून चांगली कसोटी घेता येणार नाही.

आपण तिची किती काळजी घेतलीत! ‘पहिली ओळ, मधली एक, शेवटची एक, नाव म्हणून पहिल्या ओळीतला मोठा शब्द.’ झाला सारांश. शिवाय ‘पर्सनल रिस्पॉन्स’ नावाचा एक प्रश्न असतो, त्यात मुलाचं स्वतःचं मत विचारतात. तेही आपण छापून दिलंत. त्यामुळे माझ्या वर्गात सगळ्यांची मतं एक, सगळ्यांच्या आजीने सांगितलेली गोष्ट एक आणि सगळ्यांची अविस्मरणीय सहल महाबळेश्वरची. त्यातल्या निम्म्यांनी नाशिकसुद्धा पाहिलेलं नाही. 

आता जरा सविस्तर लिहिते. पुढची हकिगत आपल्या कीर्तीला बाधा आणणारी आहे, म्हणून क्षमा असावी.

मी मुलांसाठी सोप्या इंग्रजीत एक उतारा लिहिला. बाजारात मिळणारे उतारे बर्फाच्छादित डोंगरांचे आणि पेंग्विनचे असतात. मी आपल्या पांझरेच्या फड पद्धतीवर लिहिला. उताऱ्यातला मजकूर साधारण असा: पांझरा ही धुळे जिल्ह्यातली नदी आहे. तिच्यावर जागोजागी जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले असतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि ते कोणतं हे शेतकरी मिळून ठरवतात. पाणी सोडायला पाटकरी असतो, पीक राखायला जागल्या असतो, त्यांचा मेहनताना सगळे मिळून देतात. पाऊस कमी झाला तर त्या वर्षी किती फड भिजवायचे हेही सगळे बसून ठरवतात. बाहेरच्या कोणा अंमलदाराने हे नियम केलेले नाहीत, तरी ही व्यवस्था काही शतकं चालत आली.

खाली एकच प्रश्न होता: या उताऱ्यात मुख्य काय सांगितलंय?

आपल्या शिष्यांनी आपलं नाव राखलं. बहुतेकांनी लिहिलं: ‘पांझरा ही धुळे जिल्ह्यातली नदी आहे.’ पहिली ओळ. काहींनी नुसतं लिहिलं ‘पांझरा रिव्हर’. दोघाचौघांनी बंधाऱ्याची ओळ उतरवली, कारण त्यात ‘ओल्ड’ हा ओळखीचा शब्द होता.

साक्री तालुक्यातून शिकायला आलेली एक मुलगी मागच्या बाकावर बसते. तिच्याकडे आपण नाही आहात. घरी परवडत नाही. तिचा कागद कोरा होता. ‘येत नाही का?’ विचारलं तर म्हणाली, ‘समजलंय, पण इंग्रजीत सांगता येत नाही.’ म्हटलं, घरी बोलतेस तसं सांग. तिने इकडेतिकडे पाहिलं, वर्गात अहिराणी बोलायची मुलांना लाज वाटते, आणि मग म्हणाली, ‘पानी समदासनं शे, एकलानं नही. म्हनीसन समदा मिळीसन ठरावतस.’

गाईडसाहेब, हे मुख्य. पाणी सगळ्यांचं म्हणून निर्णय सगळ्यांचा. उताऱ्यातला बंधारा, पाट, पाटकरी, जागल्या, कमी पावसाचं वर्ष, एकूण एक तपशील तिच्या त्या दोन वाक्यांपाशी येऊन मिळतो. आणि गंमत अशी की ही वाक्यं उताऱ्यात कुठेच लिहिलेली नव्हती. ती उतरवून काढता येणारच नव्हती, वाचणाऱ्यालाच तयार करावी लागणार होती. मग आम्ही दोघींनी बसून ती इंग्रजीत केली. सहा-सात सोपे शब्द लागले. ते तिला पाचवीपासून येत होते.

यानंतर मी मुलांना जे सांगायला लागले, ते आपल्या पुढच्या आवृत्तीसाठी विनामूल्य देते. 

उतारा एकदा सलग वाचायचा. अडलेल्या शब्दापाशी थांबायचं नाही, शब्दकोश उघडायचा नाही. मग पुस्तक पालथं घालायचं आणि स्वतःला विचारायचं: हे कशाबद्दल होतं? उत्तर एका-दोन शब्दांत येईल: ‘फड पद्धती’. हा झाला विषय. आपले शिष्य इथेच गाडी उभी करतात आणि यालाच मध्यवर्ती कल्पना म्हणतात. पुढचा प्रश्न महत्त्वाचा: त्याबद्दल लेखक काय म्हणतोय? इथे एक पूर्ण वाक्य आलं पाहिजे, क्रियापदासकट. ते वाक्य आधी मराठीत येऊ दे, अहिराणीत येऊ दे, पावरीत येऊ दे. इंग्रजी नंतर.

मग ते वाक्य घेऊन परत उताऱ्यात जायचं आणि प्रत्येक ओळीला विचारायचं: तू या वाक्याच्या कामाची आहेस का? ‘पांझरा ही धुळे जिल्ह्यातली नदी आहे’ ही ओळ काढून टाकली तर काय बिघडतं? काही नाही. ‘शेतकरी मिळून ठरवतात’ ही काढली तर? सगळा उतारा ढासळतो. ज्या ओळींना जास्तीत जास्त ओळी टेकलेल्या असतात, गाभा तिथे जवळपास असतो. ‘बट’, ‘हाऊएव्हर’, ‘स्टिल’, ‘देअरफोर’ हे शब्द दिसले की सावध व्हायचं. तिथे लेखक वळण घेतो, आणि बरेचदा त्याला म्हणायचं ते वळणाच्या पुढे असतं. माझ्या उताऱ्यात तो ‘स्टिल’ शेवटच्या वाक्यात होता. आपल्या शिष्यांपैकी एकाचंही बोट तिथवर पोचलं नाही.

पर्याय दिलेले असतील तर बहुतेक चुकीचे पर्याय तीन जातींचे निघतात. एक फार छोटा असतो: जागल्याबद्दल खरं बोलतो, पण फक्त जागल्याबद्दल. एक फार मोठा असतो: भारत हा शेतीप्रधान देश आहे. आणि एक फार सुंदर असतो: पाणी वाचवा. तिसऱ्याला मुलं हमखास फसतात, कारण वाक्य चांगलं असतं, फक्त उताऱ्यात कोणी ते म्हटलेलं नसतं. मनातली चांगली गोष्ट लेखकाच्या तोंडी घालू नये, एवढं शिकायला माझ्या वर्गाला सर्वांत जास्त वेळ लागतो. मोठ्या माणसांनाही लागतो.

साक्रीच्या त्या मुलीला जमलं, याचं आपल्याला नवल वाटेल. मला वाटलं नाही. तिच्या शिवारात पाट वाहतो, तिचे वडील पाण्याच्या पाळीसाठी उठतात. 1988 साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोन अभ्यासकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. ज्यांचं वाचन कच्चं मानलं जात होतं पण ज्यांना बेसबॉल कळत होता, त्यांना तो उतारा चांगल्या वाचकांपेक्षा अधिक कळला, जर त्या चांगल्या वाचकांना खेळाचा गंध नसेल. उतारा कळायला इंग्रजी लागतं तसं जगही लागतं. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, रावेर-यावलची केळी, नंदुरबारची मिरची, हे सगळं खानदेशच्या पोराला पाठ आहे. आपल्या पानांत ते कधी दिसत नाही. आपण त्याला पेंग्विन देता आणि मग ‘खेड्यातल्या मुलांचं इंग्रजी कच्चं’ असा शिक्का बसतो.

ऐकलेलं-वाचलेलं पकडण्याची या गावाला सवय नाही असंही नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एक अध्याय, असे अठरा. साने गुरुजी समोर बसून उतरवून घेत होते. तीच पुढे ‘गीता प्रवचने’ झाली. बोलण्याच्या वेगाने लिहायचं तर बोलणारा कुठे निघालाय हे आधी उमजावं लागतं. आणि विनोबांनी तरी काय केलं? प्रत्येक अध्याय मुळात काय सांगतो ते तुरुंगातल्या साध्या माणसांना कळेल असं स्वतःच्या शब्दांत सांगितलं. दोघांकडेही आपण नव्हता. 

चौथे आभार भविष्याबद्दल. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे दहावीच्या मुलाची इंग्रजीशी दहा वर्षांची ओळख असते. ‘प्रथम’ संस्थेच्या 2023च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांना इंग्रजी वाक्यं वाचायला दिली होती. ती 57.3 टक्क्यांना वाचता आली. आणि ज्यांना वाचता आली, त्यांतल्याही साधारण चौथाई मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला नाही. वाक्यं अगदी साधी होती. वाचता येतं पण कळत नाही, अशी मुलं देशभर आहेत आणि त्यांचा सगळा दोष मी आपल्या माथी मारत नाही. आपण त्यांना ‘कळलं नाही तरी चालतं’ एवढा दिलासा दिलात, तेवढंच श्रेय आपलं.

तो दिलासा दहावीपर्यंत पुरतो. पुढे हीच मुलं देवपुरातल्या अभ्यासिकांत रात्र रात्र बसतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत सीसॅटचा पेपर असतो. त्यात 33 टक्के मिळाले नाहीत तर सामान्य अध्ययनाचा पेपर कितीही चांगला गेला तरी उपयोग नाही. तिथे उतारे येतात आणि विचारतात, या उताऱ्याचा सर्वांत महत्त्वाचा संदेश कोणता? चारही पर्यायांत उताऱ्यातलेच शब्द पेरलेले असतात. शब्द शोधणारं बोट चारही ठिकाणी थांबतं. इतिहास-भूगोल तोंडपाठ असलेली हुशार मुलं तिथे अडकलेली मी पाहिली आहेत. वर्ष जातं, वय जातं, बापाचं कर्ज वाढतं.

परीक्षा सोडा. मोटारसायकलच्या कर्जाचा करार इंग्रजीत असतो. हप्ता चुकला तर काय होईल ते त्याच्या मधल्या पानात बारीक अक्षरात असतं. पहिल्या पानावर सगळी गोडी. मोबाइलवर फसवणुकीचा मेसेज येतो, त्याची पहिली ओळ ‘डिअर कस्टमर’ अशी नम्र असते आणि मुद्दा शेवटी, लिंकपाशी. पहिली ओळ वाचून समजलं असं मानायची सवय आपण ज्याला लावलीत, त्याला कोणीही गाठू शकतं.

आपण एकटे नाही, हेही मान्य. सारांशाच्या नावाखाली तीन ओळी जशाच्या तशा उतरवलेल्या दिसल्या तरी त्यांना गुण देणारे पेपर तपासणारे आहेत. ‘पोर्शन संपला का’ एवढंच विचारणारे वरिष्ठ आहेत. एका वर्गात इतकी मुलं कोंबलेली असतात, की प्रत्येकाला ‘तुला काय कळलं’ असं विचारणं मास्तरांच्या आवाक्याबाहेर जातं. या सगळ्या फटींत आपण सुखाने नांदता. पण फट दुसऱ्याने ठेवली म्हणून आत शिरणाऱ्याला कोणी सज्जन म्हणत नाही.

तेव्हा चरणी एवढीच प्रार्थना. आपण शब्दार्थ द्या, व्याकरणाचे नियम द्या, जुन्या कृतिपत्रिका द्या, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. फक्त उताऱ्याखालचं उत्तर छापू नका. ती चार ओळींची जागा कोरी सोडा. कागदाचा खर्चही वाचेल. आणि मुलाचं मत तर कृपा करून छापूच नका. ते त्याचं आहे.

आपण ऐकणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून शेवटची विनंती आपल्या खांद्यावरून हे पत्र वाचणाऱ्या आईवडिलांना करते. दादा, ताई, तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी हे काम तुम्हाला जमतं. रात्री जेवणं झाली की मुलाला इंग्रजीचा एक उतारा मनात वाचू द्या. मग पुस्तक मिटवा आणि विचारा: काय म्हणत होता रे तो? उत्तर अहिराणीत येऊ द्या, अडखळत येऊ द्या. ‘पांझरा नदी’ एवढंच म्हणाला तर पुढचं विचारा: पांझरेचं काय? तो सांगेपर्यंत थांबा. गाईड तेवढा वेळ कपाटावर ठेवा.

आपली कृपाभिलाषी,
देवपूरची एक इंग्रजीची शिक्षिका